चार वाजताची पंगत

माझा नवरा लग्नानंतर अठ्ठावीस वर्षं मुंबईत, माझगावातल्या एका चिनी बाईच्या हॉटेलात राबला, आणि तेवढीच वर्षं मी देवरूखजवळच्या आमच्या गावात बसून त्या बाईला शिव्या घातल्या. शिव्या देताना मी हात आखडता घेत नाही. सासूबाई म्हणायच्या, नंदाच्या जिभेला हाड नाही. त्यांच्या जिभेला तरी कुठे होतं, पण त्या आता नाहीत, म्हणून जाऊ दे.

आमचे हे, म्हणजे भिवा जाधव, लग्नाआधीच तिथे भांडी घासायला लागले होते. पुढे भाजी चिरायला आले, मग चुलीवर, आणि शेवटी मुख्य आचारी झाले. हॉटेल घरचंच होतं. गल्ल्यावर म्हातारा मालक, भटारखान्यात त्याची बायको, आणि शाळेतून आली की पोरं दप्तर टाकून टेबलं पुसायची. बाईला सगळे आंटी म्हणायचे. माणसं मूळची चीनमधली, हक्का समाजाची, पण दोन-तीन पिढ्या मुंबईतच वाढलेली. हक्का हे माणसांचं नाव आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर मी समजत होते, ती नूडल्सची जाडी असेल. पोहे नाही का, जाडे आणि पातळ असतात.

माझा राग साधा होता. मे महिन्यात पंधरा दिवस, एवढाच नवरा माझ्या वाट्याला यायचा. बाकीचे साडेअकरा महिने त्या बाईचे. आणि घरी आले की हे विळीला हात लावायचे नाहीत. "सुट्टीत हाय मी," म्हणायचे. म्हणजे जगाला रांधून घालायचं आणि बायकोने मात्र ह्यांना वाढायचं.

लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत त्यांनी मला चार वाजताची पंगत सांगितली. दुपारची गिऱ्हाइकं गेली की चार वाजता हॉटेलचं शटर अर्धं खाली ओढायचे. आत एक मोठं गोल टेबल होतं. त्याला घरची माणसं आणि कामाची माणसं, सगळी एकत्र बसायची. मेन्यूतलं काही नाही, सगळं आंटीच्या घरचं. वाफवलेला मासा, मोहरीचा वाळवलेला पाला घालून शिजवलेलं डुकराचं मटण, कोळंबीचा खिमा भरलेली कारली. ताटल्या मधे ठेवायच्या आणि ज्याने त्याने काड्यांनी उचलून आपल्या वाटीत घ्यायचं.

"म्हंजे एकमेकांचं उष्टं?" मी विचारलं.

"उष्टं कसलं गो. आंटीनं पयला तुकडा उचलला नि माज्या वाटीत घातला. तिच्या पोरांच्या आधी."

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. आमच्या गावात लग्नाकार्याला आमच्या वाडीची पंगत मांडवाबाहेर बसायची, सगळ्यांत शेवटी. छप्पन्न सालानंतर वाडीने धर्म बदलला, पण पंगत बदलायला आणखी पुष्कळ वर्षं लागली. हे लहानपणी त्या शेवटच्या पंगतीत बसलेले. त्या गोल टेबलाचं त्यांना काय वाटत असेल ते मला आज कळतं. तेव्हा मी म्हणाले, "मग तिच्याच घरात ऱ्हावा." हे हसले. माझ्या तोडून बोलण्यावर हे नेहमी हसायचे आणि त्याने मला आणखी चेव यायचा.

त्या हॉटेलात मी एकदाच गेले. आमचा केतन पाच वर्षांचा होता आणि त्याचा कान दाखवायला त्याला मुंबईला नेलं होतं. दुपारी एक वाजता, ऐन गर्दीत, आम्ही मायलेक तिथे पोचलो. आंटी बाहेर आली. बुटकी, केस बारीक कापलेले, अंगात फुलाफुलांचा ढगळ ब्लाउज आणि खाली पँट. तिने आम्हाला थंडगार कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं, पुढे पाणी ठेवलं, नूडल्स मागवल्या. भटारखान्याचं दार हललं की आत जाळाच्या भपक्यात ह्यांची पाठ दिसायची. एकदा वळून हात केला, तेवढंच. मला वाटलं, नवरा आत भाजून निघतोय आणि बायकोला गिऱ्हाइकासारखं बाहेर बसवून वाढतायत, हा कसला मोठेपणा. मी ताटली बाजूला सारली. केतनने मात्र चाटूनपुसून खाल्लं.

आम्ही उठलो तेव्हा आंटी म्हणाली, "चार बजे तक रुको ना. साथ में खाएंगे."

"गाडी चुकंल," मी म्हणाले. गाडी रात्रीची होती.

फोनचंही तसंच. आधी गावातल्या दुकानात फोन यायचा, मग मोबाइल आले. आठवड्यातून दोनदा हे फोन करायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस काय गो?" मग सकाळ असो की संध्याकाळ. मी अंगणवाडीत मदतनीस होते. चाळीस पोरांची खिचडी शिजवून, टोप घासून जीव मेटाकुटीला आलेला असायचा. मी म्हणायचे, "जेवले. पुढचं बोला." उलट मी त्यांना कधी विचारलं नाही. आचाऱ्याला जेवलात का म्हणून काय विचारायचं? आंबेवाल्याला कोणी आंबा खाल्लास का विचारतं का?

सात वर्षांपूर्वी आंटीचा नवरा वारला, इमारत पाडायला निघाली आणि हॉटेल बंद झालं. निघताना आंटीने ह्यांना दोन वस्तू दिल्या, तिची काळीकुट्ट लोखंडी कढई आणि ते गोल टेबल. टेबल टेम्पोतून रत्नागिरीत आलं, पाय वेगळे आणि फळी वेगळी. केतनने नाचणे रोडला गाळा घेतला होता, तिथे आम्ही 'केतन चायनीज' सुरू केलं. मीही गाव सोडून आले. संध्याकाळी केतन कॉलेजच्या पोरांना लालभडक ट्रिपल शेजवान खाऊ घालायचा. दुपारी चार वाजता मात्र हे शटर अर्धं ओढायचे आणि गोल टेबलावर त्या दोघांसाठी आंटीच्या पद्धतीचं जेवण मांडायचे.

त्या दोघांसाठी, कारण मी काही बसले नाही. चार ही माणसाच्या जेवायची वेळ नाही, चहाची आहे. मी एक वाजता घरून आमटीभात जेवून यायचे आणि चार वाजता कपबशी घेऊन गल्ल्यावर बसायचे. गल्ल्याचं तोंड रस्त्याकडे, त्यामुळे टेबलाकडे माझी पाठ. पाठीमागून रोज हाक यायची, "नंदा, जेव." मी मान न वळवता सांगायचे, "कदीच जेवले." तसंच साडेपाच वर्षं चाललं.

आणि माझ्या पाठीमागे बसून हे जेवायचे थांबले. मला ते दिसलं नाही. केतन मोबाइलमध्ये डोकं घालून जेवायचा, त्यालाही दिसलं नाही. सदरा ढिला झाला तेव्हा मी म्हणाले, उन्हाळा बाधलाय. पट्ट्याला नवं भोक पाडलं तेव्हा म्हणाले, वय झालं. मग एक दिवस कढई उचलता उचलता हे खाली बसले ते उठेनात. इस्पितळात डॉक्टरांनी साधं विचारलं, "यांचं जेवण कधीपासून कमी झालं?" केतनने माझ्याकडे बघितलं. मी आचाऱ्याची बायको, त्यांच्या पाठीला पाठ लावून रोज बसलेली. मला सांगता येईना.

पोटात गाठ होती आणि ती जुनी होती. अडीच महिन्यांत, जानेवारीत, हे गेले. शेवटच्या दिवशीही त्यांनी मला विचारलं, जेवलीस काय. मी हो म्हटलं. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

याला चौदा महिने झाले. गेल्या बुधवारी केतन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. एकतीस वर्षांचा बाप्या, पण चेहरा शेजाऱ्याची काच फोडून आल्यासारखा.

"आई, आंटी येतायत. शनिवारी."

"कुठं?"

"हितं. बाबांना भेटायला."

मला काही उमगेना. मग त्याने ह्यांचा मोबाइल माझ्यापुढे धरला. तो आता हॉटेलच्या ऑर्डरी घ्यायला वापरतात. आंटी रोज चार वाजता त्यावर व्हॉइस मेसेज पाठवायची, "भिवा, खाना खाया?" हे उत्तर द्यायचे, "खाया आंटी. आप?" हे गेले त्या दिवशीही चार वाजता मेसेज आला. लोक दारात बसलेले, हे अजून घरात होते. केतनने रडत रडत टाइप केलं, 'खाया आंटी. आप?' उद्या सांगू म्हणाला. मग परवा म्हणाला. नंतर इतके दिवस झाले की सांगायचीच लाज वाटायला लागली. घसा बसलाय, म्हणून लिहून पाठवतो, असंही त्याने कळवून टाकलं होतं. चौदा महिने माझा मुलगा मेलेल्या बापाच्या वतीने जेवत होता.

आता आंटी ब्याऐंशी वर्षांची. पुढच्या महिन्यात कॅनडाला मुलाकडे चालली, कायमची. जायच्या आधी एकदा भिवाला बघायचं आणि त्याच्या हातची कारली खायची, म्हणून नातीला घेऊन रेल्वेने येणार होती.

मी केतनला जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "येऊ दे. मीच सांगते तिला, तोंडावर." खरं सांगायचं तर त्यात थोडा खुनशीपणा होता. अठ्ठावीस वर्षं माझा माणूस हिने आपल्या घरात ठेवून घेतला. तो नसला की कसं होतं ते हिलाही एकदा कळू दे.

तरी शनिवारी सकाळी कारली मीच करायला घेतली. येणाऱ्या माणसाला उपाशी ठेवून वाईट बातमी द्यायची नसते. केतनला मेन्यूतलं सगळं येतं, पण चारचं जेवण त्याने कधी शिकून घेतलं नाही. मीही कधी चाखलं नव्हतं. पण बाजार मीच करायचे, म्हणून काय काय लागतं ते ठाऊक होतं, आणि कढईपर्यंत जाता-येता नजर पडायचीच. कारल्याचे दोन-दोन बोटं लांब तुकडे करायचे, आतलं बी काढायचं. कोळंबी बारीक कुटून आलं आणि पातीचा कांदा घालून आत भरायची. दोन्ही तोंडं कढईत लाल करायची आणि काळ्या सोयाबीनचं ते खारट वाटण घालून झाकण ठेवायचं. भरण्याआधी मी कारल्याला मीठ चोळलं, अर्धा तास ठेवलं, घट्ट पिळलं आणि पाणी मोरीत ओतलं. माझी आई असंच करायची आणि तिची आईही. कारलं हातात आलं की दुसरा हात आपोआप मिठाच्या डब्याकडे जातो.

दीडच्या सुमारास दारात रिक्षा थांबली. मी वाक्य तयार ठेवलं होतं. आंटी, ते गेले, गेल्या वर्षी जानेवारीत. एवढंच, मधे थांबायचं नाही.

आधी नात उतरली, तिशीतली, मिशेल नावाची. तिने हात देऊन आंटीला उतरवलं. मी जिला इतकी वर्षं शिव्या दिल्या ती बाई आता केवढीशी उरली होती. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं तशी आटलेली. फुलाफुलांचा ब्लाउज मात्र तसाच. एका हातात काठी, दुसऱ्यात कापडी पिशवी. खुर्चीत बसायच्या आधीच तिने पिशवीतलं एकेक काढून टेबलावर मांडलं. वाळवलेल्या मोहरीच्या पाल्याचं पुडकं. चहाचा डबा. आणि काळे, मऊ तळव्याचे, नवेकोरे बूट.

"भिवा का पैर दुखता है ना," ती म्हणाली. "दिनभर खड़ा रहता है. आठ नंबर. बराबर है ना?"

ह्यांच्या पायाचा नंबर आठच. माझं वाक्य जिभेवर होतं ते तिथेच राहिलं.

"किधर है भिवा?"

"देवरूखला गेलेत," केतन बोलून गेला. "काम होतं. चारपर्यंत येतील."

मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. पण बोलले नाही. खुनशीपणा करायला समोर तेवढं माणूस लागतं, आणि समोर होती ती बुटांचे बंद सारखे करणारी म्हातारी.

"चार बजे," ती खूश होऊन म्हणाली. "बराबर."

अडीच तास काढायचे होते. आंटीने टेबलावर हात फिरवला, कडेला तिच्या नवऱ्याच्या सिगरेटचा डाग होता, तो तिने अंगठ्याने चोळून बघितला. मग काठी टेकत भटारखान्यात गेली आणि कढईच्या कडेवर नख वाजवून आली. मी चहा दिला. तिने विचारलं, "नंदा, तू खाना खाया?" मी म्हटलं, "जेवले." तिला उलट विचारलं नाही. ती सकाळी सहाला घरून निघालेली होती.

चार वाजता केतनने शटर अर्धं ओढलं. मी भात, वाफवलेलं पापलेट आणि कारली मधे ठेवली. वाट्या पाच मांडल्या, कारण खोटं अजून चालू होतं. गल्ल्यावर जाऊन बसायची सोय आज नव्हती. त्या टेबलाशी मी पहिल्यांदाच बसले.

"भिवा?" आंटीने दाराकडे बघितलं.

"रस्त्यात हायत," केतन म्हणाला.

"आने दो, मैं डांटेगा उसको." तिने काड्या उचलल्या. "मैं एक चख के देखता है."

कारल्याचा तुकडा तिने तोंडात घातला. दोनदा चावला आणि थांबली. उरलेला तुकडा हळूच वाटीत ठेवला.

"ये भिवा ने नहीं बनाया."

"त्यांनीच सकाळी..." केतन म्हणाला.

"नहीं. भिवा कडवा नहीं निकालता." ती केतनशी बोलत होती, पण बघत होती वाटीकडे. "पहले साल में उसने ऐसाच किया था. नमक लगाया, दबाया, पानी फेंका. बोला, मेरे घर में ऐसा करते हैं. मैंने उसका उंगली पे चॉपस्टिक मारा. कडवा फेंक दिया तो करेला क्यों पकाया? उसके बाद एक दिन भी नहीं निकाला." मग तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "ये घर का हाथ है. तेरा."

"व्हय," मी म्हटलं.

"भिवा नहीं आएगा?"

"नाय आंटी. गेले ते. चौदा महिने झाले."

तिला लगेच कळलं. मराठी तिला येत होतं, मुंबईत जन्म गेलेला. काही वेळ ती हिशेब केल्यासारखी बोटांनी टेबलाची कड दाबत राहिली. मग केतनला विचारलं, "रोज खाया कौन लिखता था?"

"मी," केतन म्हणाला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"चौदह महीना मैं पूछता था," म्हातारी म्हणाली. रागाने नाही. पण माफ केल्यासारखंही नाही. बुटांची जोडी तिने टेबलावरून उचलली आणि खाली, आपल्या पायांशी ठेवली.

मग माझ्याकडे वळून विचारलं, "आखिर में क्या खाया उसने?"

डॉक्टरांनी विचारलं होतं जवळजवळ तेच. या वेळी मला उत्तर येत होतं. "पेज. दोन चमचे."

"नमक डाला?"

"व्हय. थोडं."

तिने मान हलवली. पेजेत मीठ होतं हे तिला बरं वाटलं असावं. मिशेल रडत होती, केतन रडत होता. म्हातारी रडली नाही. मी रडले. हिला रडवायचं म्हणून मी बुधवारपासून वाक्य घोकत होते.

भात निवायला लागला तशी आंटीने काड्या पुन्हा हातात घेतल्या. तिने पापलेटचा मानेकडचा तुकडा उचलला, टेबलावर ओणवी झाली आणि केतनच्या वाटीत घातला. दुसरा माझ्या वाटीत. ह्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं अगदी तसा, तिच्या नातीच्या आधी.

मी घास उचलणार एवढ्यात मिशेलने हात करून थांबवलं. त्यांची एक रीत होती. लहानाने मोठ्याला नाव घेऊन जेवायला बोलवायचं, एकेकाला, आणि सगळ्यांना बोलवून झाल्याशिवाय कोणी तोंडात घास घालायचा नाही. तिने आजीला बोलवलं त्यांच्या भाषेत. मला म्हणाली, "काकू, जेवा." केतनला म्हणाली. मग ती आणि आंटी, दोघी एकदम, कोणाकडेच न बघता, आरती संपताना म्हणावं तशा सवयीच्या सुरात म्हणाल्या, "नंदा, जेव."

"मी हितंच हाय की," मी म्हणाले.

"तुम्हाला नाही, काकू. म्हणजे तुम्हालाच," मिशेल डोळे पुसत म्हणाली. तिचं मराठी शाळेतलं होतं, चांगलं होतं. "आमच्याकडे जो टेबलावर नाही त्यालाही शेवटी बोलवतात. भिवाकाका रोज तुम्हाला बोलवायचे. ते बोलवायचे म्हणून आजोबा बोलवायला लागले, मग बाबा, मग आम्ही पोरं. हॉटेल बंद झालं तरी घरी आम्ही अजून म्हणतो. नंदा कोण हे मला दहा वर्षांची होईपर्यंत माहीतही नव्हतं."

माझ्या हातातल्या काड्या मी खाली ठेवल्या. तशाही त्या मला धरता येत नव्हत्या.

चार वाजता मी अंगणवाडीचे टोप घासत असायचे. नाहीतर गवताचा भारा घेऊन पाणंदीने घरी येत असायचे, आणि भारा मानेला टोचला की तोंडातून त्या बाईच्या नावाने शिवी जायची. नेमकं त्याच वेळेला तिकडे माझगावात गोल टेबलाभोवतीची सात-आठ माणसं घास हातात धरून मला जेवायला बोलवत होती. रोज, पाऊस असो, ऊन असो. मला वाटत होतं माझ्या नवऱ्याला त्या पंगतीने माझ्यापासून तोडलं. त्याने तिथे माझं पान मांडून ठेवलं होतं. आणि तेच पान तो उचलून रत्नागिरीत घेऊन आला, माझ्या पाठीमागे चार हातांवर मांडलं, तेव्हा मी काय म्हणाले? कदीच जेवले.

"अब तू बोल," आंटी म्हणाली. "जो नहीं है, उसको."

आमच्यात मेलेल्या माणसाला घास ठेवत नाहीत. कावळ्याला पान नाही, पिंड नाही. तो सगळा पसारा आमच्या आजोबांनी सोडला आणि मला तो परत नको आहे. पण माणसाला हाक मारायला कोणाची बंदी नाही. पाचव्या वाटीकडे बघून मला म्हणायचं होतं, जेवा. तेवढंच म्हणायची रीत होती. पण तोंडातून आलं ते पस्तीस वर्षांत कधी न आलेलं.

"तुमी जेवलात?"

शटरखालून रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं तेवढी दिसत होती. केतनने नाक पुसलं. आंटीने काडीच्या टोकाने माझी वाटी माझ्याकडे सरकवली आणि कारल्याचा एक तुकडा त्यात ठेवला.

मी तो हाताने उचलून खाल्ला. जरासुद्धा कडू नव्हता. कडू पाणी मी सकाळीच पिळून मोरीत ओतून दिलं होतं.